दादांचा दुसरा पिक्चर

१४ ऑक्टोबर

दादांनी आज चौथ्यांदा जन्मगाव बदललं.

संस्थेला दोन पानी चरित्र पाहिजे. 'निर्माते म्हणून आपली वाटचाल.' फक्त दोन पानं. एकोणीस दिवस झाले, अजून त्यांचा जन्मच होऊन राह्यला आहे. सकाळी म्हणाले, चांद्यात जन्मलो. दुपारी वरणभात कालवता कालवता, "चांद्यात कोन म्हनलं तुले? मूल गावाले जन्मलो मी." मी वही मिटली. भात मुकाट्याने खाल्ला.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचे वडील. पिक्चर काढले दोन, आठवणी बावीस पिक्चरांच्या.

१६ ऑक्टोबर

मी ही हमाली का करते आहे ते एकदा लिहून ठेवते. त्यांच्यासमोर म्हणता येत नाही.

मुंबईची एक संस्था जुने पिक्चर शोधून जपते. बंद पडलेल्या एका लॅबच्या गोदामात त्यांना दादांच्या दुसऱ्या पिक्चरचे डबे सापडले. पहिल्याचा पत्ता नाही, तो देवाधर्माचा होता, देवाकडेच गेला असावा. दुसरा वैनगंगेवरचा. डोंगा चालवणाऱ्या पोरीची गोष्ट. सगळं शूटिंग माझ्या आजोळी, नदीपल्याड. हिरॉईन मुंबईची. तिच्या तोंडून 'मले' काही निघेना, निघालं तर ऐकवेना. म्हणून दादांनी आईला मुंबईला नेलं आणि त्या पोरीची सगळी वाक्यं आईकडून बोलून घेतली. आई त्याच गावची. नऊ दिवस लागले. मी दोन वर्षांची, सीतामावशीजवळ होते.

मी चार वर्षांची असताना आई तापाने गेली. चेहरा फोटोत आहे. हात थोडे आठवतात, बांगड्यांसकट. आवाज अजिबात आठवत नाही. तो त्या पिक्चरमध्ये आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही.

एवढंच. वाटचाल गेली खड्ड्यात.

२१ ऑक्टोबर

आज थोडं पुढे सरकलो. आजोबांचा चांद्याला लाकडाचा डेपो. तिथे एक फिल्म कंपनी जंगलाचे सीन घ्यायला आली, तिला बांबू आणि बैलगाड्या दादांनी पुरवल्या. आठ दिवसांनी कंपनी गेली आणि हे तिच्या मागोमाग कोल्हापूरला. आजोबांना वाटलं बांबूचा हिशेब करायला गेला. हे दीड वर्षाने परत आले ते निर्माता होऊन.

दुसऱ्या पिक्चरचं नाव तीनदा बदललं. पहिलं नदीचं, दुसरं हिरॉईनचं, तिसरं ज्योतिषाने दिलेलं. पुण्यात आठ दिवस लागला, उतरला. नंतर दादांनी तंबूतली टुरिंग टॉकीज काढली. अकरा वर्षं दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या प्रत्येक मंडईला, जत्रेला दुनियेचे पिक्चर दाखवले. स्वतःचा एकदाही नाही. तंबू आजोळापासून तीन मैलांवर लागायचा, तरी नाही.

विचारलं, का?

"प्रिंट खराब होती."

मग म्हणाले, जनरेटर नदीपल्याड कसा नेनार. मग म्हणाले, पावसाळा होता. अकरा वर्षं पावसाळा!

"दादा, आई त्याच गावची होती ना?"

"चाय ठेव," म्हणाले.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मावशीचा फोन. शहात्तर वर्षांची आहे, कानावर फोन उलटा धरते आणि ओरडते.

"पिक्चर आला का वो बाई?"

दर दिवाळीला विचारते. पोस्टकार्डाच्या काळापासून. आई मुंबईहून परत आली तेव्हा गावभर सांगत सुटली होती, पिक्चरात बोलते ती मी हाओ. आणि दादांनी सासऱ्याच्या ओट्यावर बसून सगळ्यांना शब्द दिला होता, माघात पिक्चर घेऊन येतो. कोणता माघ ते सांगायचं राहिलं असेल. तेव्हाच्या बायांतल्या आता मावशी धरून तिघी उरल्यात.

९ नोव्हेंबर

संस्थेच्या कागदावर निर्मात्याची सही हवी. सही झाली की ते डब्यांवरून नवी कॉपी काढून पाठवणार. बाकी काही नाही, एक सही.

दिवस पहिला: चष्मा सापडत नाही. (डोक्यावर.)
दिवस दुसरा: पेन बराबर नाई.
दिवस तिसरा: राहुकाळ.

संस्थेची मीनल फोनवर फार गोड बोलते. "काही घाई नाही हं ताई, आजोबांना वाटेल तेव्हा." तिला काय जातं! अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी घाई नाही तर केव्हा?

१३ नोव्हेंबर

सही केली. मी भांडले तेव्हा केली. तीस वर्षं जि.प. शाळेत पोरांच्या बापांच्या सह्या घेतल्या, एवढा त्रास कोणी दिला नाही. कागद हातात देताना म्हणाले, "जुनं उकरून काय मिळते तुले?"

आईचा आवाज मिळतो, म्हटलं. उठून अंगणात गेले.

५ डिसेंबर

आला. पेन ड्राइव्ह. नखाएवढा. मी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसले. हो, लुगडं. आईचं. कोणाला काय करायचंय.

नदी आली. आजोळची आंब्याची रांग आली. बायांच्या घोळक्यात सोळा वर्षांची सीतामावशी, कॅमेऱ्याकडे टक लावून. हिरॉईन डोंग्यात उभी राहिली, बोलायला तोंड उघडलं आणि

काही नाही.

रिमोट दाबला. वायर काढून घातली. शेजारचा इंजिनिअर मुलगा येऊन पाहून गेला. शेवटी मीनलला फोन. "अगं बाई, मी सांगायलाच फोन करणार होते ताई. चित्राची निगेटिव्ह वेगळी असते आणि आवाजाची वेगळी. या डब्यांत फक्त चित्र होतं. आवाजाचे डबे नाहीत. बहुतेक गेलेच."

बहुतेक गेलेच. असं म्हणाली, दुधाची पिशवी संपल्यासारखं.

स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला आणि शिट्ट्यांच्या आडून रडून घेतलं. बाहेर आले तर दादा तसेच बसलेले.

"आवाज नाईच?"

"नाही."

"बिलकूल नाई?"

"नाही म्हटलं ना!"

रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

६ डिसेंबर

सकाळी सहालाच हाक. "कुमुद, तुया आजोळी दाखवू पिक्चर. शब्द देल्ला होता मी."

साठ वर्षं! साठ वर्षं याच शब्दावर सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली आणि आता, मुक्या पिक्चरला, यांना उभं वारं सुटलं. मी म्हटलं, काय दाखवणार? तोंडं हलताना? तर म्हणाले, "चेहरे तं दिसते ना लोकायचे. गेलेल्यायचे."

खरं आहे ते, म्हणून आणखीच राग आला.

१५ डिसेंबर

दिलीपभाऊ आले होते. वडशाच्या नाटक कंपनीत चाळीस वर्षं प्रॉम्प्टर. त्यांनी सगळा पिक्चर पाहिला, सुपारी कातरत. मग म्हणाले, "यात काय मोठं? आमच्याइकडे नटाले कुठी पाठ रायते? मी विंगेतून बोलतो, तो पुढे बोलते. इथी नट पडद्यावर हाय. बोलनारे खाली बसवू."

म्हणजे पिक्चर चालू असताना माणसांनी बाजूला बसून बोलायचं. आमच्या या नाटकवेड्या झाडीपट्टीतच असं सुचू शकतं. मी हसले आणि लगेच वाटलं, का नाही?

पण वाक्यं कुठून आणायची? कागद तर वाळवीने खाल्लेले.

दादांनी डोळे मिटले आणि सुरू. पहिल्या सीनपासून. दिलीपभाऊंनी आमच्या किराण्याच्या वहीत उतरवून घेतलं. दोन तास, एकदाही अडखळले नाहीत. स्वतःचा जन्म कुठला ते ठाऊक नाही, नावाड्याचं एकूणएक वाक्य तोंडपाठ!

२२ डिसेंबर

हिरॉईनचं मी बोलायचं ठरलं होतं. हौस माझीच. आईच्या जागी लेक, वगैरे. तालीम झाली. दिलीपभाऊ म्हणाले, "बाई, तुमी शाळा घेऊन राह्यल्या."

दादा हसले. मोठ्याने.

मी वही फेकली नाही, ठेवली. जोरात.

मग सीतामावशीला बोलावलं. आई मुंबईला जाण्याआधी दोन महिने ओट्यावर बसून घोकायची, मावशी समोर बसून धान पाखडायची. मावशीला वाचता येत नाही. दिलीपभाऊंनी पहिला शब्द दिला की पुढचं वाक्य ती आपोआप बोलते, आणि मध्येच थांबून सांगते, इथी तुयी माय असा दम घे. मी नुसती बघत बसले. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला, खोटं का लिहू. माझ्या आईचा दम मावशीला पाठ आणि मला काहीच नाही.

१२ जानेवारी

झाला खेळ.

नदीपल्याड वाघीण फिरते आहे, पिल्लांसकट, म्हणून वनखात्याने बजावलं, पाचच्या आत घरी. तेव्हा पिक्चर भर दुपारी. शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना ताडपत्री, ताडपत्रीवर चादरी. आत उन्हाळा. दीडशे माणसं, तीन कुत्री.

मावशी, दिलीपभाऊ आणि कंपनीतले दोन नट पडद्याच्या बाजूला सतरंजीवर. सुरू झालं. दुसऱ्या मिनिटाला मागून, "थांबवा वो! तो माहा बुढा हाय!" थांबवलं. सगळ्यांनी बुढा पाहिला. पुढे चालू. परत, "अगे, हे तं आपली बयनामाय!" परत थांबवलं. दोन तासांच्या पिक्चरला चार तास लागले. घोंगडी पांघरून मेंढरं नेणारा एक पोऱ्या तर सहा वेळा पाहिला, तो आता पणजोबा आहे आणि पहिल्या रांगेत बसून लाजत होता.

मावशी बोलायला लागली की मात्र सगळे चूप. पहिलं वाक्य जरा कापलं. नंतर तिने पडद्याकडे पाहणंच सोडलं, समोर कुठेतरी पाहत बोलत राहिली, सोळा वर्षांच्या मुलीच्या घाईने. आणि पडद्यावरच्या त्या मुंबईच्या बाईचे ओठ तिच्या मागोमाग हलायला लागले, असं वाटलं. मी पहिल्यांदा आईला बोलताना ऐकलं. म्हणजे ऐकलं नाही, पण ऐकलं.

संपल्यावर मावशीने सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "हे मी आपलं चालवून घेतलं. खरा आवाज सापडला का मंग पुन्हा पाहू."

दादा परतताना काळीपिवळीत पुढच्या सीटवर गुणगुणत होते. साठ वर्षांचं ओझं उतरल्यासारखे. मी म्हटलं, झालं ना मनासारखं? म्हणाले, "झालं."

इतकं सरळ उत्तर त्यांनी वर्षभरात पहिल्यांदा दिलं.

३० जानेवारी

आवाजाचे डबे सापडले!!

त्याच गोदामात, दुसऱ्या कोपऱ्यात. आवाज घेतला तेव्हा पिक्चरचं नाव पहिलं होतं, नदीचं. चित्राच्या डब्यांवर दुसरं, हिरॉईनचं. म्हणून कोणाला जोडताच आले नाहीत. नावं बदलायची खोड ती! बारा डबे. मीनल म्हणाली, आंबूस वास येतो आहे, फिल्म कुजायला लागलीय, काही रिळं चिकटली असतील. उघडताना तुटूही शकतात. म्हणून आधी एकच डबा उघडून बघणार, मग बाकीच्यांचं ठरवणार.

दादांना ओरडत सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच थंड झाला.

१ फेब्रुवारी

दोन दिवस जेवण नाही. डॉक्टर येऊन गेले, बी.पी. ठीक, छाती ठीक. "वय झालं," म्हणाले आणि फी घेऊन गेले.

संध्याकाळी म्हणतात, "त्या पोरीले सांग, नको उघडू."

मी भरलेलं ताट उचलून आत नेलं. बोलले असते तर फार बोलले असते.

२ फेब्रुवारी

सांगितलं त्यांनी. सकाळी, दात घासताना, मोरीपाशी उभं राहून. अशी गोष्ट सांगायची ही जागा!

पिक्चरमध्ये आईचा आवाज नाही.

आई नऊ दिवस बोलली ते खरं. पण पुण्याचा वितरक म्हणाला, ही बोली कोणाला समजणार, आवाज बदला नाहीतर पिक्चर घरी न्या. आई रेल्वेने परत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईचीच दुसरी एक बाई आणून सगळं परत बोलून घेतलं. पुस्तकी मराठीत. आईला सांगितलं नाही. ती इकडे गावभर सांगत होती.

"सांगनारच होतो. आज सांगू, उद्या सांगू. मंग तिले ताप आला."

मी विचारलं, तिने कधी विचारलं नाही?

"विचारलं. तापात. माहा आवाज बरा आला का, म्हने. म्हनलं, बहुत बरा आला."

तोंडात अजून पेस्ट होती. खाली ओघळली. मी टॉवेल दिला आणि आत निघून गेले.

५ फेब्रुवारी

बोलले नाही. तीन दिवस. ताट वाढते, गोळ्या काढून ठेवते, बोलत नाही.

आता सगळं दिसतं. पावसाळा, जनरेटर, खराब प्रिंट. आवाज नाही म्हटल्यावर जास्तीच्या दोन पोळ्या. मुका पिक्चर म्हणजे त्यांची सुटका होती, आणि मी मूर्ख त्यांच्यासाठी ताडपत्र्या बांधत होते.

माझ्या आईला फसवलं, मावशीला फसवलं, मला बासष्ट वर्षांची होईपर्यंत आशेवर ठेवलं. आणि वाईट म्हणजे, 'बहुत बरा आला' हे त्यांच्या जागी मी असते तरी म्हटलंच असतं, हेही समजतं. ते समजतं म्हणून जास्त चिडते.

६ फेब्रुवारी

जेवताना आपणहून बोलले. ताटाकडे पाहून.

"एक हाक हाय."

मी आमटी वाढत राहिले.

"ती पोरगी काठावरून पल्याडच्या बापाले हाक मारते. आवाज देनाऱ्या मुंबईच्या बाईले ते जमे ना. अंगनातून शेजारनीले बोलावल्यावानी हाक मारे. दहा डाव घेतलं. तं तिथं तुया मायचीच ठेवली."

"नक्की?"

"ठेवली बहुतेक."

बहुतेक! मी पळी आपटली. "कोणत्या रिळात?"

"सहाव्या." भात संपवला, हात धुतले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "नाई तं सातव्या."

७ फेब्रुवारी

पूर्ण पिक्चर पुन्हा पाहिला, मुका. हिरॉईन दोनदा काठावर तोंडाशी हात धरून उभी आहे. एकदा सहाव्या रिळात, डोंगा बुडतो तेव्हा. एकदा सातव्यात, बाप परत जातो तेव्हा. दादांना बसवून दोन्ही दाखवलं.

"ही," म्हणाले.

मग दुसरी पाहिली. "थांब. ही."

मग पहिली पुन्हा लावायला सांगितली. पालथ्या घड्यावर पाणी. पण या वेळी थट्टा नव्हती. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन हिरॉईनच्या ओठांकडे पाहत होते. माझा राग जरा कमी झाला. गेला नाही.

९ फेब्रुवारी

मीनलचा फोन. कोणता डबा आधी उघडायचा ते आज सांगा, वास वाढतोय. सहावा, म्हटलं. डोंगा बुडताना माणूस जिवाच्या आकांताने हाक मारतो, मुंबईच्या बाईला तेच जमलं नसणार, असा माझा हिशेब. हिशेब कसला, अंदाज.

फोन ठेवते तोच मावशीचा. उलटा धरून.

"आवाज सापडला म्हने वो! तुया मायचा!"

गावात कसं पोचलं देव जाणे. मी खरं सांगायला तोंड उघडलं. मग तिचा श्वास ऐकू आला, धापा टाकत फोनपर्यंत आली होती.

"एक हाक असेल, मावशी. मिळाली तर."

"बाकीचं?"

"बाकीचं खराब झालंय."

 मग म्हणाली, "हाक असली तं झालं. बाकीचं मी बोलतो ना."

हे मी दादांसारखंच केलं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. सांगणार आहे तिला. समोर बसून सांगेन.

डबा सोमवारी उघडणार आहेत. दादांना सांगितलं, सहावा. उठून अंगणात गेले, परत आले. मग म्हणाले, "सातवा सांगतला असता तं बरं झालं असतं."